म्हैस बसलीय की उभी आहे?

आमच्या आणि काकूंच्या परसाच्या मधे कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर लोखंडी गज. सकाळी तुळशीला पाणी घालायला मी इकडं, कढीपत्ता तोडायला त्या तिकडं. कॉलनीतली निम्मी लग्नं याच भिंतीवर जमली आणि उरलेली इथंच मोडली, असं आमचे हे म्हणतात. त्यांचं मनावर घ्यायचं नाही.

"काय ओ काकू," मी म्हटलं, "चार नंबरच्या बाई सांगत होत्या, तुम्ही रोज उजाडलं की रंकाळा तलावावर जाता म्हणे. आणि तिथं टोपीवाले एक गृहस्थ असतात."

"असतात की. ड्रॉइंगचे सर आहेत, रिटायर झालेले."

"मग?"

"मग काय? मी चित्रं काढते आणि ते चुका काढतात."

आता असं काही कानावर आल्यावर तुळस थांबू शकते. मी तांब्या भिंतीवर ठेवला.

"या वयात ओ काकू?"

"अगं, व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. 1880 साली. त्याआधी दुकानात नोकरी केली, धर्मप्रचार केला, सगळं करून बसला. मग शिकवणीचं पुस्तक समोर ठेवून शाळेच्या पोरासारखी चित्रं गिरवली त्यानं."

"तो सत्तावीसचा होता. तुम्ही सदुसष्टच्या."

"मधले चाळीस सोडून दे की. माझी गोष्ट वेगळी आहे. मी शाळेत एलिमेंटरी दिली होती. वस्तुचित्राला बादली आणि दोन वांगी ठेवलेली. निकाल आला, सी ग्रेड. का सी, ते कुणी सांगितलं नाही. कागद तर परत मिळतच नाही. बादली कलंडली होती का वांगी बिघडली होती, हे मला अजून कळलेलं नाही बघ."

मला हसू आलं, पण त्या गंभीर होत्या. मीही इंटरमिजिएटला बसले होते. संकल्पचित्रात माझी कोयरी चांगली यायची, कर्तव्यभूमितीनं घात केला. महाराष्ट्रात निम्म्या लोकांच्या कपाटात कला संचालनालयाचं ते प्रमाणपत्र पडलेलं असतं आणि त्यावर एकच अक्षर असतं. त्या एका अक्षरावर माणूस जन्मभर सांगतो, 'मला चित्रकला येत नाही.'

"मग घरी दाखवायची होती चित्रं. सर कशाला?"

"दाखवली की! घरच्या ग्रुपवर टाकलं. पोरानं अंगठा पाठवला. सुनेनं 'वॉव आई'. पुतण्यानं हात जोडलेले पाठवले. अगं, मी गणपती काढला नव्हता, कुकर काढला होता!"

"कौतुकच केलं ना पण."

"कौतुक कशाचं? कुकरच्या कानाचं का शिट्टीचं? 'छान'वर पुढं काय करायचं ते सांग मला. त्या चार नंबरच्या बाईंचं बघ की. मोबाईलमधला फोटो बघून नट्यांची तोंडं काढतात, टाकतात, आणि खाली 'अप्रतिम, अप्रतिम' अशी रांग लागते. वर्षभर झालं, सगळ्या नट्यांना एकच नाक आहे. मी एकदा हळूच म्हटलं, नाकाची सावली दोन्ही बाजूंना कशी पडली ओ? तेव्हापासून हळदीकुंकवाला बोलावणं नाही."

(हे मला माहीत होतं. दुसऱ्या बाजूनं ऐकलं होतं. तिकडची हकिकत वेगळी आहे, पण ती नंतर कधीतरी.)

"आणि काका काय म्हणाले?"

काकूंनी एकदा घराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी म्हैस काढली होती, गंगावेशीत दूध कट्ट्यावर असतात ना तसली. ह्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, 'ही बसलीय की उभी आहे?' मला असला राग आला! पण मग बघितलं, तर पाय उभ्या म्हशीचे आणि पोट बसलेल्या म्हशीचं. ह्यांना चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण बोट बरोबर जागेवर ठेवलं. सरांना सांगितलं तर सर म्हणाले, यजमानांना सोडू नका. ज्याला काही कळत नाही तो कुठं खटकतंय ते सांगतो. का खटकतंय ते मी सांगेन."

"सर रागावतात का ओ?"

"रागावत नाहीत, विचारतात. 'उजेड कुठल्या बाजूनं येतोय?' झालं. मी बघते तर माझा तलावातला संध्यामठ दोन्हीकडून उजळलेला. दुसरं म्हणजे ते माझ्या कागदाला पेन्सिल लावत नाहीत. वर बटर पेपर ठेवतात आणि त्याच्यावर रेघ मारून दाखवतात. नाहीतर चित्र त्यांचं होऊन जातं आणि घरी आल्यावर आपल्यालाच वाटतं, मी काढलं. आणि रबर बंद. चुकलेली रेघ राहू द्यायची, बरोबरची तिच्या शेजारी काढायची. पुसली की किती चुकलं होतं तेपण पुसलं जातं."

हे मला पटलं. आमच्या घरात पुसून टाकायची सवय फार आहे, हिशेबाच्या वहीपासून.

"हा तुझा तांब्या घे," काकू म्हणाल्या, "आता एक डोळा मिटून डोळ्यासमोर सरळ धर. तोंड कसं दिसतंय?"

"आडवी रेघ दिसतेय."

"आता हळूहळू खाली ने."

मी नेला. रेघ उघडत गेली, डोळ्यासारखी लांबट झाली, आणि कमरेपाशी आणला तेव्हा जवळजवळ गोल.

"म्हणजे नजरेपासून जितकं खाली, तितकं जास्त उघडं. मग तांब्याचं बूड तोंडापेक्षा खाली असतं, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त वाकायला पाहिजे. आपण काय करतो? तोंड गोल असतं हे माहीत असतं, म्हणून वर गरगरीत गोल काढतो. तांब्या सपाट जागेवर बसतो हेही माहीत असतं, म्हणून खाली सरळ रेघ. वरचा अर्धा माडीवरून बघितलेला, खालचा अर्धा जमिनीवर आडवं पडून. माझी एलिमेंटरीची बादली तिथंच गेली असणार बघ."

म्हणजे त्या सी ग्रेडचं कारण एवढ्या वर्षांनी लागलं तर.

मग काकूंना चेव आला. मला हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत आणि डोळ्यांपासून टाळूपर्यंत बोटानं मोजायला लावलं. दोन्ही अंतरं सारखी! डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर. मला आपले ते वर कपाळापाशी वाटायचे. सगळेच तिथं काढतात म्हणे, कारण कपाळात आणि केसांत बघण्यासारखं काही नसतं म्हणून ती जागा आपण चोरतो. माझी सासू मागच्या दारातून मला स्वतःचं डोकं मोजताना बघत होती, पण काही बोलली नाही. संध्याकाळी बोलेल.

"आणि हे गज," काकू म्हणाल्या, "हे काढायचे तर गज काढायचे नाहीत. दोन गजांच्या मधली जी जागा आहे ना, जिच्यातून तुझी तुळस दिसते, ती काढायची. गज आपोआप येतात. गजाबद्दल आपल्याला फार माहिती असते, मधल्या जागेबद्दल काहीच नसते, म्हणून तिथं डोळ्यानं नीट बघावं लागतं."

"खर्च किती येतो ओ ह्या सगळ्याला?"

"कसला खर्च? एक एचबी, एक फोरबी. एचबीत माती जास्त, म्हणून कडक आणि फिकी. फोरबीत ग्रॅफाइट जास्त, काळी येते. मी नुसत्या एचबीवर होते तोवर सगळा रंकाळा धुक्यात. कागद ह्यांच्या बँकेतले पाठकोरे. महागाची वही आणली होती पोरानं, तिच्यात हातच चालेना. खराब होईल म्हणून भीती."

"आणि सर उद्या म्हणाले, जमणार नाही तुम्हाला, तर?"

"व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणना जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता. नकारात कुठली रेघ चुकली ते नसतं ना. सर 'जमणार नाही' म्हणाले तर मी विचारणार, काय जमणार नाही, डावीकडचं की उजवीकडचं? आता मी 'कसं झालंय' म्हणून कुणालाच विचारत नाही. 'कसं झालंय'ला लोक 'छान'च म्हणतात, बिचारे काय करतील? मी विचारते, 'ही पायरी पुढं आलीय का मागं गेलीय?' मग माणूस बघतो. थांबतो. दूधवालासुद्धा सांगतो."

"मला दाखवा की एखादं."

त्या आत गेल्या आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. संध्यामठ, होड्या, काकांची पाठ, पुन्हा काकांची पाठ (समोरून ते बसत नाहीत). त्यानंतर एक बाई, तारेवर चादर टाकणारी, तोंडात दोन चिमटे.

"ही कोण?"

"विचार करून सांग."

तुळशीवृंदावन आमचं, बादली आमची. आणि ते नाक! मी खिडकीच्या काचेत बघितलं, मग कागदात बघितलं. चार नंबरच्या बाईंसारखं 'अप्रतिम' म्हणून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं.

"काय वाटतंय? कुठं चुकलंय ते बोट ठेवून सांग."

"नाक बरोबर आहे," मी म्हटलं. "आमच्या माहेरचं आहे ते, तुमचा इलाज नाही. डावा हात थोडा आखूड झालाय, चादरीपर्यंत पोचत नाही. पण काकू, अंगावर हा गाऊन काय दाखवलाय?"

"गाऊन होता म्हणून गाऊन काढला. दिसतं ते काढायचं."

"आणि हे सरांना दाखवणार?"

"उद्या सकाळी."

"मग हात राहू दे आखूड. साडी नेसवा आधी."

"रबर बंद आहे, सांगितलं ना तुला."

"शेजारी दुसरी बाई काढा साडीतली! नाहीतर मी चार नंबरमध्ये सांगून येते, टोपीवाल्यांबद्दल चौकशी करायला सांगितली होती त्यांनी मला."

काकू फोरबी शोधायला आत गेल्या.