अखिल भारतीय चेहरा

सर्वांना हसवावे आणि कोणासही दुखवू नये, अशी प्रतिज्ञा करून जो मनुष्य सकाळी घराबाहेर पडतो, तो एक तर संत असला पाहिजे किंवा जाहिरातीच्या धंद्यात नोकरीस असला पाहिजे. आणि संतांनीही आपापल्या काळी पुष्कळांना दुखविले असल्यामुळे पहिला पर्याय माझ्या मते बाद ठरतो. १ जानेवारी १९७६ रोजी दूरदर्शनने व्यापारी जाहिरातींस दार मोकळे केले, तेव्हापासून मुंबईतल्या एखाद्या खोलीत बसून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या गिऱ्हाइकास एकाच विनोदाने हसविण्याचा उद्योग ह्या शहरात अव्याहत चालू आहे. चित्रीकरण बहुधा एकदाच, हिंदीत करावयाचे. मग त्याच ओठांवर तमिळ, तेलुगू, बंगाली, मराठी असे आवाज चढवावयाचे. आणि भाषांतरात वाक्य कितीही लांबले तरी तीस सेकंदांची मुदत कोणत्याच भाषेस वाढवून मिळत नसल्याने, कित्येक प्रांतांत त्या मालाची महती श्वास न घेता सांगितली जाते. ह्या व्यवहारास जो चेहरा लागतो, त्यास त्या धंद्यात ‘पॅन-इंडियन फेस’ म्हणतात. आणि तो शोधून काढण्याच्या कामी माझा भाचा पगारी नेमलेला आहे.

‘मामा, आजोबा कमी पडताहेत. नुसते येऊन बसायचंय,’ असे सांगून त्याने मला वर्सोव्याच्या आराम नगरात नेले, जेथील जुन्या बैठ्या बंगल्यांतून आता कास्टिंगवाल्यांची ठाणी बसली आहेत. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच पांढरे सदरे घातलेले गृहस्थ ओळीने बसले होते आणि प्रत्येक जण शेजाऱ्याच्या मिशीकडे संशयाने पाहत होता. आत जमिनीवर चिकटपट्टीची फुली होती. तिच्यावर उभे राहून नाव, वय, उंची सांगावयाची, प्रतिस्पर्धी मालाची जाहिरात केलेली नाही असा जबाब द्यावयाचा, मग डावी बाजू, उजवी बाजू, आणि शेवटी दोन्ही हात पुढे करून पालथे-उताणे दाखवावयाचे. वधूपरीक्षेतसुद्धा हल्ली इतकी चौकशी करीत नाहीत. ‘मामा, जरा हसा,’ भाचा कॅमेऱ्यामागून म्हणाला. मी हसलो. ‘एवढं सदाशिव पेठी नको हो. जरा सगळीकडचं हसा.’

माल लोणच्याचा होता. रेल्वेच्या डब्यात चार प्रांतांचे चार प्रवासी आपापले डबे उघडतात. बरणीचा धनी डुलकी घेतो. बाकीचे तिघे हळूच बरणीत हात घालतात. आणि धनी डोळा न उघडता बरणी छातीशी ओढून घेतो, एवढीच कथा. परंतु प्रांतोप्रांतीचे विक्री-अधिकारी संगणकाच्या पडद्यावर हजर होते आणि प्रत्येकाची ताकीद एकच, की चोर आपल्याकडचा दिसता कामा नये. तमिळ प्रवाशाच्या कपाळावरील भस्मास चेन्नईने हरकत घेतली, बंगाल्याच्या माकडटोपीस कोलकात्याने; सरदारजींवर हसण्याचे दिवस संपले, असा शेरा चंदीगडहून आला, आणि तो रास्तच होता. मराठी प्रवासी म्हणून एक हवालदार उभा केला होता, कारण हिंदी पडद्यावर मराठी माणूस हवालदार आणि मराठी बाई मोलकरीण ह्या हुद्द्यांवर केव्हाच कायम झालेली आहेत. त्याला मात्र हरकत मी घेतली. सायंकाळपर्यंत भस्म पुसले गेले, टोपी उतरली, मिशी गेली, आणि बाकावर चार गुळगुळीत तरुण उरले, ज्यांना आपण कोठून निघालो आणि कोठे उतरणार ह्याची काडीमात्र कल्पना असावीसे दिसत नव्हते. कोणीही दुखावले नाही. कोणी हसलेही नाही.

प्रांतच नको असेल, तर मनुष्यही नको, असे धैर्य पाहिजे. २००९ साली व्होडाफोनने ते दाखविले. आयपीएलच्या सामन्यांमध्ये पडद्यावर बागडणारे ते अंडाकृती डोक्यांचे झूझू म्हणजे केपटाउन येथे पांढऱ्या पोषाखात नखशिखांत गुंडाळलेली खरीखुरी माणसे होती. ती जे बडबडत ती कोणाचीच मातृभाषा नसल्याने कोणत्याही अस्मितेस धक्का बसला नाही. उलट टोक फेव्हिकॉलच्या बसचे. २००२ च्या त्या जाहिरातीत राजस्थानच्या वाळवंटातून एक बस हेलकावत जाते. आत, बाहेर, टपावर, मागे, जेथे बोट टेकेल तेथे पागोटेवाली माणसे चिकटलेली, आणि इतक्या गचक्यांतही एकही जण खाली पडत नाही. संवाद नाही, सर्वप्रांतीय प्रतिनिधित्व नाही, सगळे प्रवासी एकाच मुलखातले. तरीही ‘ह्या बसमध्ये आमचा माणूस का नाही’ अशी तक्रार कोल्हापुरातून कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कारण तशा बसला आपणही कधीतरी लोंबकळलेलो आहोत, हे पाहणाऱ्यास आपसूक आठवते. पुढे फ्रान्समधील कान येथील जाहिरात महोत्सवात त्या जाहिरातीस रौप्यसिंहही मिळाला. मनुष्य परमुलखातला चालतो, फजिती ओळखीची हवी. आणि फजिती ओळखीची वाटावयाची तर ज्याची ती व्हावयाची तो कोठल्यातरी एका गावचा असावाच लागतो. ‘कोणीतरी’ नावाच्या इसमावर आजवर कोणी हसलेले नाही.

हे मी भाच्यास सांगत असताना दिग्दर्शक ऐकत होता की कंटाळला होता, कोण जाणे. पण त्याने चारही चेहरे रद्द करून नुसते हात घेण्याची तजवीज केली. मग एक हात कड्याचा आला, एक शंख-पोवळ्याच्या बांगड्यांचा, एक हिरव्या चुड्याचा, आणि मनगटावर घड्याळाचा फिकट पट्टा उमटलेला चौथा माझा. चुड्याचा हात बरणीत शिरताना बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने त्या कोपराकडे सारल्या गेल्या. कड्याचा हात मोठी फोड घेऊन, विचार बदलून, आणखी मोठीसाठी परत फिरला. आणि माझ्या हाताने, घरच्या सवयीने, बरणीच्या काठाचा खार बोटाने पुसून घेतला. पडद्यावरचे चारही अधिकारी एकदम हसले. चेन्नईला तर ठसका लागला.

मग कोलकात्याने चष्मा पुसून विचारले की बरणीत पहिला हात कोणाचा जाणार. त्यावर रात्री दहापर्यंत मसलत झाली, प्रत्येक प्रांताने आपला हात शेवटी जावा अशी लेखी दरखास्त दिली, आणि प्रकरण वरिष्ठांच्या हुकमापर्यंत तहकूब ठेवण्यात आले.