तिकीट काढून सोलापूर

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ च्या पुढं सरकला की घरोघरी एकच ठराव मंजूर होतो. ‘कुठंतरी लांब जाऊ, जिथं ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही.’ ठरावाचा पहिला भाग उन्हामुळं येतो, दुसरा नातेवाइकांमुळं. उन्हापासून सुटका झाल्याची उदाहरणं आहेत.

वास्तविक ओळखीच्या सगळ्यांनी वर्षातून एकदा एकमेकांना भेटून मोकळं व्हावं, ही सोय या गावानं कधीच करून ठेवली आहे. तिला गड्डा म्हणतात. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर आकाशपाळणे नि मौत का कुआँ सुरू होतात. तिथं शेजारी भेटला तर कुणी दचकत नाही. नाही भेटला तर मात्र ‘बरा आहे ना?’ म्हणून चौकशी होते. शिवाय मैदानात शिरायला पैसे पडत नाहीत. थीम पार्कचं गणित उलटं आहे. तिथं माणशी भरभक्कम तिकीट काढायचं ते ओळखीच्यांना टाळण्यासाठी, आणि आत गेल्यावर तेच ओळखीचे, तेवढंच तिकीट काढून, आपल्याला टाळायला आलेले असतात.

सोलापूरकराला या कामी दोन दिशा उपलब्ध आहेत. पश्चिमेला पुणे ओलांडून खोपोलीकडं गेलं की २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका. (त्याच्याही आधी, १९८९ पासून, गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतं, पण आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी ते टीव्हीवरच्या जाहिरातीतच फिरून पाहिलं.) पूर्वेला तीनशे किलोमीटरवर हैदराबाद आणि हैदराबादच्या पुढं विजयवाड्याच्या रस्त्याला रामोजी फिल्म सिटी. १९९६ पासूनची ही वसाहत जगातला सर्वांत मोठा स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात गेलेली आहे. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांना ती परक्या राज्यातली वाटतच नाही. नलगोंड्याच्या मामाकडं जाताना वाटेत लागते, एवढंच.

रामोजीत सगळंच खोटं आणि सगळंच हुबेहूब. रेल्वे स्टेशन आहे, गाडी नाही. देऊळ आहे, देव नाही. आमच्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पहिल्याच देवळापुढं चपला काढल्या, हात जोडले आणि पदराच्या गाठीतलं नाणं उंबऱ्यावर ठेवलं. गाइड घाईघाईनं म्हणाला, “अम्मा, ये नकली है.” आई म्हणाली, “असू दे की. नमस्कार खरा हाय.” तोवर तिच्या मागं रांग लागली होती. रांगेत पुढं उभ्या असलेल्या जोडप्याला मी सहज विचारलं, कुठले? तर बाळ्याचे. आमच्या घरापासून रिक्षानं जाण्याएवढ्या अंतरावरचे. त्यांनी उलट मला विचारलं, “प्रसाद कुठं मिळतोय ओ?”

पुढं विमानतळाचा सेट लागला. काचा, पाट्या, खुर्च्या, सगळं जागच्या जागी. शेकडो सिनेमांत लोक इथून परदेशी गेलेत आणि आजवर एकही विमान उडालेलं नाही, असं गाइड अभिमानानं सांगत होता. आमचा मुलगा म्हणाला, “बाबा, होटगी रोडसारखंच की!” गाइडला संदर्भ लागला नाही, बसमधल्या निम्म्या लोकांना लागला, आणि बसमध्ये निम्मे लोक सोलापूरचे आहेत हे मला तेव्हा कळलं. ही गोष्ट होटगी रोडवर धावपट्टी होती, इमारत होती आणि विमान मात्र नव्हतं, त्या काळातली. किंगफिशरचं एक विमान मध्यंतरी काही दिवस येऊन गेलं होतं, त्याची आठवण काढून लोक उसासे टाकत. मग विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी येते म्हणून वाद झाला. २०२३ च्या जूनमध्ये चिमणी पाडली. गावानं गच्च्यांवर चढून ती पडताना पाहिली आणि तशीच मान वर करून विमानाची वाट पाहिली. ते गोव्यासाठी उडालं २०२५ च्या जूनमध्ये. एवढा मोठा सेट एवढी वर्षं राखून एकही शूटिंग न करणं रामोजीवाल्यांना परवडलं नसतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही पश्चिम दिशा धरली. या वॉटर पार्कचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथं जे घडलं त्यातले बरेचसे लोक हे सदर वाचतात.

फाटकावर पिशव्यांची झडती होती. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला बंदी. लहान बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी चालतील. आमच्या पिशव्यांमधून धपाटी निघाली, कडक भाकरी निघाली आणि शेवटी शेंगा चटणीचा डबा निघाला. काकूनं तोंडावरची रेषही न हलवता सांगितलं, “औषध हाय.” रखवालदारानं डबा उघडला, नाक जवळ नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “उखळातली का मिक्सरमधली?” काकू म्हणाली, “उखळातली.” तो म्हणाला, “मग औषधच.” मोहोळचा होता. धपाटी मात्र त्यानं नियमाप्रमाणं ठेवून घेतली. संध्याकाळी परत मागायला गेलो, तेव्हा ‘खराब होतील म्हणून’ संपवल्याचं सांगितलं आणि पुढच्या वेळी सोबत दही आणायची सूचना केली.

आत साडी चालत नाही, चुडीदार चालत नाही. नायलॉनचा पोशाख भाड्यानं घ्यावा लागतो. काकूच्या आयुष्यातला हा पहिलाच नायलॉनचा पोशाख. निळ्या जमिनीवर पिवळे मासे. ती भिंतीला पाठ लावून एकेक पाऊल सरकत होती. तिला धीर देत काका म्हणाले, “इथं आपल्याला ओळखतंय कोण?”

लाटांच्या तळ्यात लाट सोडण्याआधी भोंगा वाजतो. तो वाजला, आणि कुठलंसं पोरगं ओरडलं, “पाणी आलं!”

झालं ते एका क्षणात. तळ्याच्या काठावर पसरलेल्या शेकडो बायकांपैकी पाच जणी, पाच वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, ताडकन उठल्या. एकीनं पोराला बाजूला सारलं. एकीचा हात आपोआप घागर शोधू लागला. एक तर मोटार लावायला निघालीच होती. चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या बाईला वाटेत कोण ओळखणार नाही, पण या हाकेला तिला कुणीही ओळखेल. उजनीच्या पाण्याचं नव्हे (११७ टीएमसीचं धरण जिल्ह्यात असून शहर तहानलेलं ठेवणं हाही एक विक्रमच), तर साध्या क्लोरीनच्या पाण्याचं ते आवाहन होतं. पाचही जणींनी एकमेकींकडं पाहिलं. त्यातली एक आमची काकू. दुसरी काकूची विहीणबाई.

मागच्या मार्गशीर्षात काकूच्या लेकीचं लग्न झालं. मानाच्या साडीचा काठ ठरलेल्या रुंदीपेक्षा कमी भरला, म्हणून विहीणबाई पंगतीत तोंड फिरवून बसल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं मोजूनमापून. आणि आता त्या समोर उभ्या, गुडघाभर पाण्यात. निळ्या जमिनीवर पिवळे मासे. लग्नात बस्ता बांधताना तीन दुकानं फिरून जे जमलं नव्हतं, ते इथं जमलं. दोघींच्या अंगावर एकाच ताग्यातलं कापड.

पण रीत ती रीत. मुलीकडच्यांनी वाकायचं असतं. काकू वाकली आणि त्याच वेळी लाट आली. लाटेनं काकूला पुढं लोटलं, विहीणबाईंना मागं लोटलं. काकू पाय धरायला जाते तर पाय हाताला लागेनात. विहीणबाई “असू द्या, असू द्या” म्हणत होत्या, पण ते औपचारिकपणे म्हणत होत्या की बुडताना, हे काठावरून कळत नव्हतं. अखेर दोघी एकमेकींच्या दंडाला धरून उभ्या राहिल्या. नाकातोंडातलं पाणी गेल्यावर विहीणबाई पहिलं वाक्य बोलल्या, “इथलं पाणी किती वेळ असतं ओ?” काकू म्हणाली, “दिवसभर सोडत्यात म्हणं.” दोघींनी तळ्याकडं पाहिलं. विहीणबाईंनी मनातल्या मनात बॅरल मोजले असावेत. “आमच्या पेठेत दीड तास,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं पण तेवढंच, आणि शेवटची अर्धी घटका गढूळ,” काकू म्हणाली. साडीचा काठ पुन्हा निघाला नाही.

तिथून पुढं लेझी रिव्हर. गोल फिरणारा संथ कालवा. रबरी ट्यूबवर बसायचं आणि पाणी नेईल तिकडं जायचं. मी ट्यूबवर आडवा झालो तर शेजारच्या ट्यूबवर आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक. (त्या काळात महापालिकेवर प्रशासक होते, त्यामुळं सगळेच माजी होते.) एरवी ते तीन मोबाईलवरही सापडत नाहीत. इथं मोबाईल लॉकरमध्ये, कार्यकर्ते घसरगुंडीवर आणि ट्यूबला ब्रेक नाही. असा योग पुन्हा येणार नव्हता.

“साहेब, समांतर जलवाहिनीचं काय झालं?”

“अंतिम टप्प्यात आहे,” ते म्हणाले आणि हातानं पाणी मारत पुढं निघून गेले. पण कालवा गोल. पहिल्या फेरीत मोहोळच्या एका गृहस्थांनी त्यांना धबधब्याखाली गाठलं. दुसऱ्या फेरीत जुळे सोलापुरातल्या दोन बायकांनी दोन्ही बाजूंनी ट्यूब धरली. प्रत्येक फेरीला टप्पा बदलत गेला: अंतिम टप्पा, मग चाचणीचा टप्पा, मग ‘पुढच्या उन्हाळ्याच्या आत’. बाहेर पडायच्या पायऱ्या आल्या की नेमकं कुणीतरी नमस्कार करायचं आणि नमस्काराला दोन्ही हात जोडले की ट्यूब पायऱ्यांपुढून वाहून जायची. सार्वजनिक जीवनात इतका वेळ पाण्यात राहिलेले ते आमच्या शहराचे पहिलेच लोकप्रतिनिधी असावेत.

काकांची गंमत वेगळी. ओलं अंग पुसायला टॉवेल भाड्यानं मिळत होता, वर अनामत. काकांनी टॉवेल हातात घेतला, सवयीनं उलटा केला, कड चिमटीत धरली आणि तिथंच थबकले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचे माग आहेत. स्वतःचं विणकाम माणूस अंधारातही ओळखतो. हा टॉवेल त्यांनी एका व्यापाऱ्याला ज्या भावात घातला होता, त्याच्याहून एका दिवसाचं भाडं जास्त होतं. काकांनी काउंटरवरच्या मुलाला हे समजावून सांगितलं. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, अनामत आधी.” काकांनी अनामत भरली, टॉवेल अंगाभोवती गुंडाळला आणि दिवसभर येईल त्याला सांगत सुटले, “माल आपला हाय.” जाताना परत द्यायलाही तयार नव्हते.

मेहुण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याची नोकरी शिल्लक आहे. तो आजीच्या दिवसकार्याची रजा टाकून आला होता. (आजी आमच्याबरोबरच होत्या, आईस्क्रीम खात.) त्याचे साहेब मुंबईच्या बैठकीला गेले होते, असं कार्यालयाच्या फळ्यावर लिहिलेलं होतं. रोलर कोस्टरच्या रांगेत दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि अनुभवी सरकारी माणसांप्रमाणं पाहिलंच नाही. अडचण अशी की एकेकटे आलेल्यांना तिथं जोडीनं बसवतात. खाली उतरल्यावर पडद्यावर फोटो झळकत होता: साहेब आणि मेहुणा, डोळे पांढरे, जबडे उघडे, एकमेकांचे हात गच्च धरलेले. दोघंही काउंटरकडं धावले. साहेबांनी आपली प्रत घेतली, मेहुण्यानं आपली. मग साहेबांनी मेहुण्याचीही घेतली. मेहुण्याची वार्षिक गोपनीय नोंद त्या वर्षी ‘अत्युत्तम’ आली. त्यानं मोबाईलवर पडद्याचा आणखी एक फोटो काढून ठेवला होता, हे साहेबांना अजून माहीत नसावं.

आता यंदा घरात पुन्हा ठराव आला आहे. सगळ्यांचं म्हणणं, जमिनीवरून गेलं की सोलापूर मागं लागतं. होटगी रोडवरून गोव्याचं विमान आहे, तर उडून जाऊ. मी हळूच सांगून पाहिलं की विमान सत्तरेक आसनांचं आहे आणि ती आसनं सोलापुरातच भरायची आहेत. कुणी ऐकलं नाही. तिकिटं काढून अर्धा तास झाला नसेल, तोच काकूचा फोन वाजला. विहीणबाई होत्या. “आम्ही खिडकी घेतली बघा,” त्या म्हणाल्या, “शेजारची तुमच्यासाठी धरून ठेवलीय. चटणी मी आणते, धपाटी तुमची.”