आप्पांची वही

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणाशी. ती जास्वंदीची फांदी सांभाळा, पदराला अडकेल. तर आप्पांचा रिपोर्ट कळला ना? पोस्टातल्या आप्पांचा हो! तीन महिन्यांची शुगर आली 7.1. मागच्या दिवाळीनंतर 9.2 होती, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. न ठाऊक असायला काय झालं, माईंचा तो आवाज! "नऊ? नऊ आली?" म्हणून ओरडल्या ते इस्त्रीवाल्यालासुद्धा ऐकू गेलं.

आणि तेव्हा सगळ्यांचं एकच, आप्पांना कशी काय बाई इतकी शुगर? अंगावर मूठभर मांस नाही, शर्ट नुसता अडकवल्यासारखा. भिशीत सगळ्या हेच म्हणत बसल्या, की लठ्ठ माणसाला होते ती. मी म्हटलं, अहो, ते पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक नाहीत का? त्यांनी तर स्वतःचाच दाखला दिलाय. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापलेत लॅन्सेटमध्ये, 2004 साली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण साहेबाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2! दिसायला दोघेही सडपातळच हो. आपली चरबी आत, पोटात दडून बसते, कुणाला दिसत नाही. हे ऐकून त्या बँकवाल्या वहिनींनी हातातला दुसरा लाडू हळूच बशीत परत ठेवला. मी बघितलं.

तर काय सांगत होते... हां, 9.2. त्याचं असं झालं, की आप्पांची फास्टिंग नेहमी चांगली यायची. 110, 115. माई सगळीकडे सांगत फिरायच्या, "मी कंट्रोलमध्ये ठेवलंय." घरात साखरेच्या डब्याला कुलूप. चहा बिनसाखरेचा. रात्री दोन फुलके मोजून. आणि आप्पा? रोज संध्याकाळी गणपतीला जातो म्हणून निघायचे ते बाजारपेठेत. कंदी पेढा, वर भडंग, परत येताना उसाचा रस. सांगलीत राहून उसाला नाही म्हणायचं म्हणजे काय! आणि टेस्टच्या आधी दोन दिवस मात्र एकदम साधू. रात्री नुसतं ताक. शाळेतली पोरं नाहीत का, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडतात, तसं.

पण त्या वेळी डॉक्टरांनी ती तीन महिन्यांची, एचबीएवनसी, करायला सांगितली. तिथं कुठलं ताक चालायला! रक्तातल्या तांबड्या पेशी 120 दिवस जगतात म्हणे, आणि तेवढ्या दिवसांत जितकी साखर फिरली असेल तितकी त्यांना चिकटून बसते. म्हणजे दिवाळीचा चिवडा, चकली, कुणाच्या तरी मुंजीतलं जिलबीचं ताट, सगळ्याची नोंद. डॉक्टरांनी कागद वाचला आणि नुसते आप्पांकडे बघत राहिले. आप्पा पंख्याकडे. आणि माईंचा चेहरा... बाई, काय सांगू. साखर वाढली त्यापेक्षा, इतकी वर्षं आपल्याला फसवलं, हे त्यांना जास्त लागलं.

पंधरा दिवस अबोला. मग मध्ये पडली कोण? ती कोपऱ्यावरच्या बंगल्यातली मुलगी! हो, तीच, कॉलेजात जाणारी. नऊ वर्षांची होती तेव्हापासून इन्सुलिन घेते बिचारी. आता बिचारी कशाला म्हणायचं, आपल्याला जमणार नाही इतकं ती रोज करते. किती पोळ्या खाल्ल्या, त्याला किती युनिट, आज गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे तर किती कमी, सगळा हिशेब तिच्या डोक्यात. बाटली 40 ची असली तर सिरिंज लाल टोपीचीच, 100 च्या नारिंगीला हात नाही लावायचा. हे तिनं दहाव्या वर्षी आपल्या आईला शिकवलंय. आणि याच पोरीबद्दल हळदीकुंकवाला कोण काय बोललं होतं, आठवतंय ना? "हिच्या लग्नाचं कसं व्हायचं?" माईच बोलल्या होत्या. पोर दारात उभी होती, सगळं ऐकलं तिनं.

पण मोठ्या मनाची हो. सरळ माईंकडे गेली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही आजोबांना आकडा विचारू नका. माझी आई रोज 'किती आली, किती आली' करायची ना, तेव्हा मी खोटी सांगायचे. ती ओरडायची बंद झाली तेव्हा मी खरी लिहायला लागले." माई काय बोलणार? नुसता पदर पिळत बसल्या. मग ती आप्पांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही पोस्टात पैशापैशाचा ताळा लावायचात ना? मग हा लावा."

झालं! आप्पांनी कपाटातून जुनी लांब खतावणी काढली. तारीख, वेळ, काय खाल्लं, दोन तासांनी किती, शेरा. लाल शाईनं रेघा. डॉक्टरांनी सांगितलं होतं आठवड्यातून थोड्याच वेळा बघा, पण सुरुवातीला आप्पांना चेवच चढला. स्ट्रिप काही फुकट येत नाही, माई मनातल्या मनात बेरीज करायच्या, पण तोंडातून शब्द नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं ना! कशी राहिली असेल ती बाई, देव जाणे.

आणि वहीत काय निघालं माहितीय? संकष्टी! साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर 248. आप्पांनी पुन्हा पुढच्या चतुर्थीला बघितलं, तेच. आणि ज्वारीची भाकरी, पिठलं, वर काकडी, त्याला 156. अहो, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यावर बटाटा, आणि आपण ताट भरभरून घेतो उपासाचं म्हणून. गुळाचंही तसंच. माई चहात गूळ घालायच्या, "गूळ चालतो" म्हणून. वहीनं तेही उघडं पाडलं. गुळापुढे आप्पांनी शेरा मारलाय, "साखरेचाच भाऊ." माईंनी तो वाचला आणि गुळाचा डबा भांडीवालीला देऊन टाकला.

अहो, आणि आंब्याची गंमत तर राहिलीच! मे महिन्यात नातू आला होता. एक दिवस दुपारी आप्पांनी बोट टोचलं, मशीनवर 312. माईंचा ठराव गेला चुलीत! "खाल्लात ना हापूस? बघा, मशीन बोलतंय!" आप्पा शपथा घेतायत, "अगं, मी एक फोडसुद्धा तोंडात टाकली नाही, पोराला चिरून दिला फक्त." कोण ऐकतंय! नातू रडायला लागला. तेवढ्यात ती पोर आली, तिनं आप्पांचं बोट नाकाशी नेलं आणि हसायलाच लागली. बोटाला रस तसाच! साबणानं हात धुवायला लावले, नीट पुसले, बोटाच्या बाजूला टोचलं. मधे नाही टोचायचं, तिथं जास्त दुखतं. 142! आता चेहरा उतरला तो माईंचा. आप्पांनी ते दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि शेऱ्यात, "आरोपी निर्दोष." मी स्वतः वाचलंय. तुम्हाला दाखवतील, विचारा.

आषाढीला मात्र घाबरवलंन. गोळी घेतली, मेटफॉर्मिनच्या जोडीला ती दुसरी असते ना, ग्लिमेपिराइडची, आणि वर कडक एकादशी. साडेअकराला घामाघूम, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतायत. माईंना वाटलं, भांडण उकरून काढतायत. मशीनवर 54! सत्तरच्या खाली म्हणजे धोका. माईंनी घाईघाईनं देवापुढचा पेढा उचलला, तर पोर म्हणाली, "पेढा नको, त्यातल्या दुधाच्या तुपानं साखर उशिरा चढते. पाण्यात तीन चमचे साखर." पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, 86. मग थोडी भगर खायला घातली. आप्पा शुद्धीवर येऊन पहिलं काय म्हणाले असतील? "हिनं स्वतःच्या हातानं साखर कालवून दिली, विठ्ठल पावला!" डॉक्टर मात्र चिडले. म्हणाले, उपास करायचाच असेल तर आधी मला विचारा, त्या दिवसाची गोळी कशी घ्यायची ते मी ठरवीन.

हसू नका हो, यापुढचं हसण्यासारखं नाही. त्याच वेळी आप्पा सहज म्हणाले, की परवा चपलेत एक खडा सापडला. संध्याकाळी सापडला. सकाळपासून पायात होता, अगदी गणपतीला जाऊन आलो, कळलंच नाही. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. एक जाडसर नायलॉनचा धागा काढला त्यांनी, झाडूच्या काडीएवढा, पुढे वाकतो बघा. म्हणाले, "डोळे मिटा. पायाला लागला की 'हो' म्हणा." माई शेजारीच बसलेल्या. धागा अंगठ्याला लावला, आप्पा गप्प. करंगळीला लावला, "हो." चवड्याला लावला, आप्पा गप्प. माईंना वाटलं, चेष्टा करतायत, म्हणून त्यांनी हळूच कोपरानं ढोसलं, "अहो, बोला ना." आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काय? लावला होता?"

माईंनी मला हे सांगितलं ना, तेव्हा त्यांचा आवाज, तो चार घरं जाणारा आवाज, मला नीट ऐकूही येईना.

आता बी-12 पण तपासलंय, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होतं म्हणे, पायाला मुंग्या त्यानंही येतात. पण धाग्याचं ते धाग्याचं. आता देवळातसुद्धा मोजे घालूनच जातात, तापल्या फरशीवर अनवाणी नाही. रात्री आरसा खाली ठेवून तळवे बघतात. वहीत नवा रकाना आलाय, "पाय". डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा, तीही लिहिलेली आहे. मला विचाराल तर 7.1 चं कौतुक आहेच, पण तो पायांचा रकाना त्यांनी कुणी न सांगता आखला, याचं मला जास्त वाटतं.

तर काय सांगत होते... अय्या, मुख्य बातमी तर राहिलीच! कान करा इकडे. माईंच्या विहीणबाई मडगावच्या ना? परवा फोनवर म्हणाल्या, आमच्याकडे घरटी एक आहे. खोटं नाही ते, 2023 ची आयसीएमआरची पाहणी आली तेव्हा गोवा देशात पहिला होता, शंभरात सव्वीसाहून जास्त. अख्ख्या देशात तर 10 कोटींच्या वर. तर विहीणबाईंनी विचारलं, "आप्पांचं कळलं, पण तुमची किती?" माई म्हणाल्या, "माझी कशाला? मला काय झालंय?" आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटात बघितलं हो, स्वतःची कधी तपासलीच नव्हती! आप्पांचा रिपोर्ट करायला माणूस घरी आला, तेव्हा आप्पांनी शांतपणे सांगितलं, "हिचंही घ्या."

फास्टिंग 118, तीन महिन्यांची 6.2. म्हणजे अजून नाही, पण उंबरठ्यावर. माई अर्धा तास नुसत्या झोपाळ्यावर बसून. आप्पांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. चष्मा लावला, खतावणी उघडली, लाल शाईनं मधोमध रेघ ओढली आणि एका बाजूला लिहिलं, "सौ."

तर माई म्हणतात कशा, "माझी वेगळी वही आणा. तुमच्या त्या पोस्टाच्या वहीत मी माझे आकडे लिहू देणार नाही."