पळत्यापाठी लागण्याचे शास्त्र

रोडरनर पकडायचा असेल तर पहिली अट अशी, की धावायचं नाही. खरा कोयोटी, म्हणजे अमेरिकेतल्या लांडग्याचा धाकटा भाऊबंद, ताशी साठेक किलोमीटर सहज पळतो. कोकिळेच्या कुळातला रोडरनर तिशीच्या आसपासच दमतो. सरळ पाठलाग केलात तर दोन मिनिटांत जेवण उरकेल आणि कार्टून संपेल. १९४९ साली दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकल माल्टीज यांनी हा धोका ओळखला. त्यांनी आपल्या कार्टूनमध्ये पक्ष्याला वेग दिला आणि वाइल ई. कोयोटीला अक्कल. अक्कल आली की पाय कोण वापरतो?

साहित्य फक्त ‘ॲक्मी’ कंपनीचंच मागवावं. रॉकेट, चाकांचे बूट, स्प्रिंगा, जे हवं ते वाळवंटात घरपोच मिळतं. डबीवरची बारीक अक्षरं मात्र आधी वाचू नयेत. ‘हॉपअलाँग कॅज्युअल्टी’मध्ये (१९६०) कोयोटी भूकंपाच्या गोळ्या मागवतो. पक्षी त्या टिपतो आणि ढिम्म राहतो. चिडून हा स्वतःच गोळ्या रिचवतो, आणि मग लेबलाच्या तळाशी नजर जाते: रोडरनरवर परिणाम होत नाही. खुलासा शेवटी वाचण्यातच खरी गंमत आहे.

बोगदा रंगवायचा तर मन लावून रंगवा. पक्षी त्यातून आरपार जाईल, तुम्ही खडकावर आपटाल. तक्रार कुणाकडे करणार? चित्र तुमचंच.

आता कडा. या प्रकरणाची तालीम रोज करावी. जमीन संपली तरी पळत राहा. खाली पाहत नाही तोवर हवा तुम्हाला तोलून धरते. मग एक पाय हळूच खाली चाचपडावा. काही लागत नाही. प्रेक्षकांकडे केविलवाणं बघावं, आवंढा गिळावा, आणि मगच पडावं. घाई करणारे नवशिके इथेच मार खातात (तसा मार सगळेच खातात). वरून पाहताना तुमचा ठिपका होऊन दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद. त्यानंतर १४ फ्रेमांनी तळाशी धुळीचा इवलासा लोट. जोन्स यांच्या मते १३ किंवा १५ फ्रेमांना हसू येत नसे. धुरळा बसला की पाठोपाठ वरून धोंडा येईल. तो पायावर पाडून घ्यायची पद्धत जुनी झाली. इथे डोकं पुढे करावं.

उपचारांची गरज नाही. पुढच्या दृश्यात तुम्ही धडधाकट असता, हातात नवा नकाशा असतो.

कधीकाळी यश आलंच तर? ‘सूप ऑर सॉनिक’मध्ये (१९८०) आलं होतं. पण तोवर कोयोटी आकसून मुंगीएवढा झाला होता आणि पक्षी डोंगराएवढा. त्याच्या तंगडीला मिठी मारून बिचाऱ्याने पाटी दाखवत प्रेक्षकांनाच विचारलं, की तुमच्या मनासारखं झालं, आता पुढे काय करू? अशी पाटी आधीच रंगवून ठेवलेली बरी. त्या वेळी हात मोकळे नसतात.