शाखा कशी निवडावी? (नवशिक्यांसाठी)

साहित्य : दहावीची गुणपत्रिका, आईवडील, पुण्याचे एक काका, शेजारच्या बिल्डिंगमधला एक इंजिनिअर.

कृती :

१. निकाल लागताच टक्के पाहा. नव्वदच्या वर असतील तर सायन्स. ऐंशीच्या आसपास असतील तरी सायन्स. फक्त क्लास महागातला लावावा लागतो. त्याखाली कॉमर्स, आणि त्याच संध्याकाळपासून ‘सीए करणार’ असं सांगायला लागा. आर्ट्सला जायचं असेल तर वाक्याची सुरुवात ‘यूपीएससी’ने करा. नाहीतर पुढचं कुणी ऐकत नाही.

२. काका विचारतील, “मग काय ठरवलंस?” उत्तर देऊ नका. तो प्रश्न नसतो, त्यांच्या भाषणाची प्रस्तावना असते.

३. मॅथ्स आणि बायॉलॉजी दोन्ही ठेवा. म्हणजे सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही गट देता येतात, आणि निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो.

४. नाटकाची ओढ असेल तर मेडिकलला जा. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं, तेव्हा दिग्दर्शक पटेल होते आणि नाना फडणवीस आगाशे. लेखक व्हायचं असेल तरी हरकत नाही. अनिल अवचटांनी एमबीबीएस तिथूनच केलं. कॉलेजच्या माहितीपुस्तकात हा लाभ छापत नाहीत.

५. इंजिनिअरिंगला मेकॅनिकल, सिव्हिल की इलेक्ट्रिकल, यावर घरात भांडू नका. आयटी कंपनी कॅम्पसला आली की तिघेही हिंजवडीच्या एकाच बसमध्ये चढतात. नाही आली, तर सदाशिव पेठेतली अभ्यासिका आहेच. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे तिथे बी.ई., बी.फार्म. आणि बी.एस्सी. ॲग्री एकाच टेबलावर इतिहास पाठ करताना भेटतात.

६. आता अर्ज भरा. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणून पहिल्या रकान्यात काकांची पसंती लिहू नका. सकाळी सातच्या लेक्चरला त्यांना जायचं नाहीये.