उतार पाहून मुक्काम

ऑइल बदलल्यानंतर सेल्फला जड झालेला ट्रक लांबून ओळखता येतो. ढाब्यावर ड्रायव्हरचे दोन चहा होतात तरी इंजिन घुरघुरत असते, कारण ते बंद करायची छाती कोणाची होत नाही. बंद केलेच, तर ट्रक उतारावर, नाक खाली करून उभा केलेला असतो. लासलगावहून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला निघालेल्या अशा ट्रकच्या वाटेवर प्रेक्षणीय स्थळे म्हणजे फक्त उतार.

हा आजार हिवाळ्यात बळावतो आणि त्याला निफाड तालुक्याइतकी पोषक हवा महाराष्ट्रात क्वचितच मिळते. थंडीच्या लाटेत इथला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि तीत डिझेल फवारायचे, एवढाच काय तो विस्तव. सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवले नाही, तर दाबलेली हवा निसटते आणि होती-नव्हती ती ऊब गार लोखंड पिऊन टाकते. कालच ऑइल बदललेला ट्रक पहाटे नुसताच कण्हू लागला, की अर्धी आळी कानटोप्या घालून निदानाला हजर होते. आरोपी ठरलेलाच असतो: नवे ऑइल.

पुढे वाटेवर ज्याचे जे दुकान, त्याचे ते निदान. पिंपळगावचा बॅटरीवाला बॅटऱ्या गेल्या म्हणतो. २४ व्होल्टच्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन लागतात, त्यामुळे त्याची खात्रीही दुप्पट असते. नाशिकचा ऑइलवाला आधीच्या दुकानाचे ऑइल बोगस ठरवतो. घोटीत पंप उतरवायचा सल्ला मिळतो. शेठ फोनवरून ड्रायव्हरच्या हातालाच दोष देतात. किन्नर लिंबू-मिरची बदलतो. खर्चाच्या मानाने हा उपाय सर्वांत निर्दोष म्हणावा लागेल.

खरे तर आधी सेल्फ ऐकावा. इगतपुरीला विपश्यना केंद्रात लोक दहा-दहा दिवस मौन पाळतात. ट्रकभोवतीच्या मंडळींनी दहा सेकंद पाळले तरी निम्मे काम होते. सेल्फ रेंगाळत फिरत असेल, तर बॅटरी, अर्थिंग किंवा ऑइल. तो झपाट्याने फिरतो आहे आणि तरी इंजिन पकडत नाही, तर डिझेल. सायलेन्सरही साक्ष देतो: पांढरा धूर आला तर डिझेल पोचते पण पेटत नाही, धूरच नाही तर ते पोचतच नाही.

रेंगाळणाऱ्या सेल्फच्या बाबतीत बॅटरीचे टर्मिनल हाताने चाचपावे. सेल्फ मारल्यावर ते गरम लागले, तर जोड ढिला आहे किंवा त्यावर पांढरी बुरशी चढली आहे. मग ऑइलचा डबा पाहावा. १५डब्ल्यू-४०च्या जागी २०डब्ल्यू-५० ओतले असेल, तर ते गारठ्यात जास्त घट्ट होते. ऑइल प्रमाणाबाहेर भरले असेल तर क्रँक त्यात बुचकळ्या खातो आणि ऑइलला फेस येतो. ते मोजायची काडी असते. पण ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहायची असते. उतारावर मुक्काम करणाऱ्या ट्रकची काडीही उतारावरच पाहिली जाते, खोटे बोलते, आणि तिच्या शब्दावर आणखी दोन लिटर ओतले जाते.

मात्र या वाटेवरचे नेहमीचे गुपित वेगळेच आहे. ऑइल बदलताना मिस्त्री डिझेल फिल्टरही बदलतो आणि ते बिलाखेरीज कोणाच्या लक्षात राहत नाही. जुने रबर फिल्टरच्या बैठकीलाच चिकटून राहते, किंवा चेपलेला तांब्याचा वायसर पुन्हा वापरला जातो. तेवढ्या फटीतून लाइन एअर घेते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते. म्हणून सकाळी पंचाईत, पण चहानंतर लगेच सेल्फ मारला तर ट्रक शहाण्यासारखा सुरू. उपाय जुनाच आहे: नवे वायसर घालावेत, फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर मारावा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळावा. या कामाचे पैसे एवढे कमी होतात की मिस्त्रीला ते सांगायला संकोच वाटतो.

कसाऱ्याच्या घाटात धक्क्याविना, उतारावर सोडून ट्रक सुरू करायचा मोह प्रत्येकाला होतो. पण इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. ब्रेकच्या टाकीत हवा भरत नाही आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखे होते. घाटाचा उतार या युक्तीतून वगळावा.

वाशीला पोचल्यावर खाडीच्या उबदार हवेत घट्ट ऑइल सैल पडते, ट्रक एका सेल्फमध्ये सुरू होतो आणि शेवटच्या मिस्त्रीचा जयजयकार होतो. एअर घेणारा ट्रक मात्र तिथेही रात्रभर उभा राहिला की सकाळी अडतो. आपला ट्रक तिथे अडला नाही, तर पुढची परीक्षा निफाडच्या पहाटे, सपाट जागेवर घ्यावी.