सिस्टर, पी किती आला?

नर्सिंगच्या मुली सुईला घाबरत नाहीत, पण संख्याशास्त्राच्या तासाला फळ्यावर ‘नल हायपोथिसिस’ लिहिलं की चेहरे उतरतात. आपल्या उपायाने गुण येतो असं मनापासून वाटत असताना ‘काही फरक पडत नाही’ असं धरून सुरुवात करायची, हा उफराटा शिष्टाचार त्यांच्या गळी उतरत नाही. (मुलांच्याही नाही, पण वर्गात मुलं असतात मोजकीच.)

मग मी संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांचा चहा काढते. 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या बाई म्हणाल्या, कपात आधी दूध ओतलंय की चहा, हे मला चवीवरून कळतं. आपल्याकडे हा वाद झालाच नसता, आपण सगळं एकाच पातेल्यात उकळतो. पुढे 1935 च्या पुस्तकात फिशरनी हाच प्रयोग मांडला: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम नशिबावर सोडलेला. बाईंना काही कळत नाही असं धरायचं. मग निव्वळ अंदाजपंचे आठही कप बरोबर ओळखले जाण्याची शक्यता सत्तरात एक.

इथवर वर्ग खूश. पण दोनच कपांची अदलाबदल झाली तर? सहा बरोबर, म्हणजे पंच्याहत्तर टक्के, म्हणजे डिस्टिंक्शन! मात्र निदान एवढं तरी अंदाजाने जमण्याची शक्यता, म्हणजेच ‘पी’, सत्तरात सतरा, जवळजवळ चोवीस टक्के. फिशरनी सोयीची म्हणून आखलेली हद्द पाच टक्क्यांची. वर्ग बाईंसाठी हळहळतो. त्यांना चव कळत नाही असंही त्यातून सिद्ध होत नाही, पुरावा तेवढा कमी पडतो, हे सांगूनही कुणाचं समाधान होत नाही.

अशा चाचणीत होणाऱ्या चुकांचे दोन प्रकार मात्र मला शिकवावे लागत नाहीत. आयसीयूतला मॉनिटर उगाच कोकलला ती पहिली, पेशंट खालावत असताना गप्प बसला ती दुसरी. नाइट ड्यूटी केलेली मुलगीच हे मला ऐकवते.

खरी गंमत प्रबंधांच्या वेळी. ‘निवडक गावातील मातांच्या ओआरएसविषयक ज्ञानावर योजनाबद्ध अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’ – विषय बदलतात, शेपूट तेच. आधी प्रश्नावली, मग रंगीत तक्ते दाखवून शिकवणी, मग तीच प्रश्नावली. आधीच्या-नंतरच्या गुणांवर पेअर्ड टी-टेस्ट. पी 0.05 पेक्षा कमी. येणारच! उत्तरं सांगून तेच प्रश्न विचारल्यावर गुण वाढणार नाहीत तर काय? तुलनेला दुसरा गट नाही, आणि त्याची आठवणही कुणाला होत नाही. परीक्षक विचारतात, “सिस्टर, पी किती आला?” आणि सही करतात.

एकदा एका मुलीने सगळी गणितं झाल्यावर वहीतून मान वर काढून विचारलं, “पण मॅडम, पुढच्या जुलाबाला त्या आयांनी पाकीट लिटरभर पाण्यात कालवलं का? की पेल्यात?”

हे एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये कळत नाही. त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी त्या घरी जाऊन पातेलं बघावं लागतं. परीक्षक मंडळी, पुढच्या खेपेला पी विचारण्याआधी कृपया हे विचारा.